मराठी विशेषणांचे वर्गीकरण : अर्थ आणि व्याकरणिक वर्तन

गुणविशेषण, संख्याविशेषण व सार्वनामिक विशेषण हे विशेषणांचे रूढ त्रिविध वर्गीकरण अर्थाश्रयी आहे; विकारी-अविकारी हा भेद रूपाश्रयी आहे. अध्यापनात हे दोन निकष पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. परिणामी विद्यार्थी विशेषणाचा प्रकार अचूक सांगतो. पण त्याच्या वाक्यातील वर्तनाचा उलगडा त्याला होत नाही.

प्रथम रूपाचा विचार करू. ‘चांगला’ व ‘सुंदर’ ही दोन्ही गुणविशेषणे होत. तथापि ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले घर’ असा पहिल्यात लिंगानुसार बदल होतो, दुसऱ्यात होत नाही. संख्याविशेषणांतही ‘पाच’ अविकारी, तर ‘पाचवा’ विकारी आहे. म्हणजे विकार अर्थावर अवलंबून नसून मुख्यतः आकारान्त रूपावर अवलंबून आहे. ‘जादा गाडी, जादा गाड्या’ यांतील ‘जादा’सारखी विशेषणे तेथेही अपवाद ठरतात.

याउलट, विशेषणाचे वाक्यातील वर्तन अर्थाशी निगडित असते. ‘फार’ हे परिमाणदर्शक पद ‘चांगला’ व ‘सुंदर’ या दोहोंपूर्वी येते. ‘फार लाकडी दरवाजा’ असे मात्र म्हणता येत नाही. ‘लाकडी’ हे द्रव्यसंबंध दाखविते आणि त्या संबंधाला तरतमभाव नसतो. ‘पुणेरी पगडी’ येथेही संबंधच आहे. परंतु ‘त्याचे बोलणे फार पुणेरी आहे’ असे म्हणताच तेच विशेषण स्वभावधर्म सांगू लागते. अर्थ पालटला की वर्तनही पालटते.

‘माजी’ हे विशेषण याहून वेगळे आहे. ‘माजी आमदार’ ही रचना सहज आहे; ‘ते आमदार माजी आहेत’ ही विधेयरूप रचना खटकते. ‘माजी’ व्यक्तीचा गुण सांगत नाही. ‘आमदार’ या नामाचा अर्थच भूतकाळापुरता मर्यादित करते.

‘ते तीन मोठे लाकडी दरवाजे’ या पदसमूहातील क्रमही बोलका आहे. निर्देश, संख्या, गुण व संबंध या स्वाभाविक क्रमात संबंधदर्शक विशेषण नामाच्या सर्वांत निकट येते. ‘मोठे’ व ‘लाकडी’ यांना एकाच ‘गुणविशेषण’ वर्गात ठेवल्यास त्यांच्या या स्थानभेदाची उपपत्ती लागत नाही.

म्हणून वर्गीकरण दोन पातळ्यांवर करणे इष्ट ठरते : विकार रूपाच्या आधारे तपासावा, परिमाणक्षमता, विधेयस्थान व पदक्रम अर्थाच्या आधारे. असे केल्यास वर्गाचे नाव हे केवळ लेबल न राहता वर्तनाचे स्पष्टीकरण ठरेल.