पंपघराला गेरू, पत्र्याला वेल

डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकूच्या झाडाची जेवढी बडदास्त ठेवली जाते, तेवढीच वाडीतल्या शेडची हेळसांड होते. झाडाला आळे, खत, फवारणी सगळे वेळच्या वेळी. शेड मात्र एकदा उभी राहिली की तिच्याकडे पुन्हा कुणी वळून पाहत नाही. पंप, खताची पोती, रिकामे क्रेट, जुन्या नळ्या आणि एखादी मोडकी खुर्ची पोटात घेऊन ती पत्र्याची किंवा विटांची खोली पावसाने काळी पडते, खाऱ्या वाऱ्याने गंजते.

इतकी वर्षे तिच्याकडे न पाहिल्याने कुणाचे अडले नव्हते. आता वाडीत पाहुणे येऊ लागले आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला, काही बागायतदारांनी राहायला खोल्या द्यायला सुरुवात केली. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधने आणली. वाडीचा हिरवा पट्टा टिकण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मुंबईहून आलेला माणूस हिरवाई पाहायला म्हणून वाडीत शिरतो आणि पहिले दर्शन होते ते गंजलेल्या पत्र्याचे.

शेडचे रूप पालटायचे म्हटले की अनेकांना शहरातला सजावटकार आठवतो. खरे तर वाडीच्या कुंपणापलीकडच्या पाड्यावर जावे. डहाणू-तलासरीतल्या वारली घराने मातीची भिंत देखणी करायची रीत केव्हाच बसवलेली आहे. कारवीच्या काटक्या उभ्या रोवून, बांधून कूड करायचा, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचा, वर गेरूचा हात फिरवायचा. कारवी हे सह्याद्रीतले झुडूप. सात-आठ वर्षांतून एकदाच ते फुलते आणि मग मरते. अशा काटक्यांची भिंत हलकी, हवेशीर आणि दुरुस्तीला सोपी असते. पाऊस संपला की जिथे माती निघाली असेल तिथे पुन्हा लिंपले, की काम झाले.

या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे आज जगभर पोहोचली आहेत. पण ती मुळात सजावट नव्हती, हे शेडवर ब्रश टेकवण्याआधी समजून घ्यायला हवे. लग्नाच्या वेळी सवासिनी घरातल्या भिंतीवर चौक लिहीत. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. त्या चौकाशिवाय लग्न पुरे होत नसे. चौकटीबाहेर मग झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. रंग एकच, पांढरा. ब्रश म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून पुढे आले. लग्नविधीशी न बांधलेली चित्रे एका पुरुषाने रोज, मनाला येईल तेव्हा काढावीत, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. १९७६मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. २००३मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली. लाँग स्वतः ओल्या चिखलाने, हाताने थेट भिंतीवर चित्रे काढतात, त्यामुळे ही जोडी शोभलीच. म्हसे २०१८मध्ये गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४मध्ये, पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी.

पालघटचा चौक लग्नविधीचा आहे, तेव्हा तो पंपघराच्या भिंतीवर रंगवू नये. देव्हाऱ्यातली मूर्ती कुणी मोटारीच्या खोलीत मांडत नाही. शेतीची कामे, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, तारपा नाच, कोंबड्या, मुंग्यांची रांग असे विषय भरपूर आहेत. आणि इंटरनेटवरून उतरवलेला साचा चिकटवण्यापेक्षा जवळच्या पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवावे, ठरवून मोबदला द्यावा. त्याच्या चित्रातला बैल त्याने पाहिलेला असतो. साच्यातले सगळे बैल एकाच अंगाने वळतात.

चारही भिंती भरून काढण्याचा मोहही टाळलेला बरा. सरकारी कार्यालये, शाळांच्या भिंती, पुलांचे खांब जागा दिसेल तिथे वारली आकृत्यांनी भरल्याने आता त्यांच्याकडे नजर जाईनाशी झाली आहे. शेडची एकच भिंत चित्राची असावी, वाटेवरून येताना समोर दिसणारी. उरलेल्या तीन नुसत्या गेरूच्या राहिल्या तरी शोभतात.

आता अडचण पावसाची. जुने चौक घराच्या आत, अंधाऱ्या भिंतीवर असत. शेडची भिंत उघड्यावर असते, आणि तांदळाचे पीठ व डिंक पहिल्याच सरीत वाहून जातात. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला गेरूच्या छटेचा बाह्यभिंतींसाठीचा रंग आणि चित्राला पांढरा अ‍ॅक्रिलिक वापरणे शहाणपणाचे. हल्लीचे चित्रकारही उघड्या भिंतीवर बहुधा तेच वापरतात. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत गडद पट्टा मारावा. पागोळ्यांचा चिखल तिथेच उडतो, आणि त्या उंचीवर काढलेली माणसे जुलैपर्यंत गुडघाभर चिखलात उभी दिसतात.

विटांच्या भिंतीला स्वस्तातला आणि चांगला पर्याय म्हणजे चुना. कळीचा चुना रात्रभर पाण्यात फोडून, गाळून, त्यात थोडा डिंक घालून ओलसर भिंतीवर पातळ दोन-तीन हात द्यायचे. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडू शकते, म्हणून पोपडे कमी धरतात. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही. गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड प्रायमर लावून मग ऑइल पेंट, हा क्रम समुद्राजवळ चुकवून चालत नाही. जस्ताचा नवा, चकचकीत पत्रा रंग धरत नाही. त्याला एक-दोन पावसाळे खाऊ द्यावेत, नाहीतर जस्तासाठीचा वेगळा प्रायमर घ्यावा. आणि छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे घासूच नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याचे बारीक तंतू छातीत गेले तर फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. असा पत्रा फुटका असेल तर घासत बसण्यापेक्षा जाणकाराकडून बदलून घ्यावा.

रंगाचे एवढे केले की उरलेले काम वेलींवर सोपवता येते. पाड्यावरच्या घरांच्या छपरांवर पावसाळ्यात भोपळा नि दुधी चढलेले असतात. छप्पर झाकते, गारवा येतो, भाजीही मिळते. त्यातलाच एखादा दुधी वेलीवर वाळू दिला की त्याचा तारपा होतो: दुध्याचा पोकळ भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. म्हणजे शेडच्या भिंतीवर जो तारपावाला रंगवायचा, त्याचे वाद्य तिच्याच छपरावर वाढू शकते.

पत्र्याच्या शेडवर मात्र वेल थेट सोडायची नाही, एवढे पथ्य पाळावे. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की कोवळी टोके करपतात, आणि पावसाळ्यात पानांखाली ओल साचून गंज वाढतो. भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडून बांबूची ताटी उभी करावी. मधून हवा खेळते, रंगाचा हात मारायलाही जागा राहते. कोणती वेल, हे उन्हावर ठरते. समुद्राकडच्या, रखरखीत अंगाला बोगनवेल. तिला खारा वारा आणि कमी पाणी दोन्ही चालतात. दाराच्या बाजूला मधुमालती लावावी. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पण ती दांडगी आहे, छाटणीचा कंटाळा असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. कमी कष्टात हवे असेल तर गोकर्ण. जूनमध्ये बी टोचले की दिवाळीच्या आत ताटी निळी. आणि उपयोगाचेच लावायचे म्हणणाऱ्यांसाठी वाल, कारली, शिराळी आहेतच.

चिकूच्या दाट सावलीतल्या शेडला यातले फारसे काही जमत नाही. साधारण तेहेतीस फुटांवर लावलेली कालीपत्ती जातीच्या चिकूची झाडे मोठी झाली की खाली ऊन झिरपतच नाही, आणि चिकूची पाने हिवाळ्यातही गळत नाहीत. तिथे वेलींचा नाद सोडून भिंतीच्या कडेने हळद, अळू, सोनटक्का लावावा. भिंत मातीची असेल तर रोपे दोन फूट लांब ठेवावीत. रोजचे पाणी कुडाच्या मुळाशी मुरले की वाळवी लागते. अशा शेडला गडद गेरूपेक्षा चुन्याचा पांढरा रंग जास्त खुलतो, कारण सावलीत गेरू काळपट दिसतो.

एका उपटसुंभावर नजर ठेवावी लागते. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो. तो बोटभर असतानाच मुळासकट काढला नाही, तर पुढे भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

सगळे एका दमात करायची गरज नसते. दिवाळीनंतर भिंत वाळली की डागडुजी आणि प्रायमर, उन्हाळ्याआधी रंग आणि चित्र, मेअखेर ताटी, पहिल्या पावसाला वेल. बांबू दोन-तीन वर्षांत कुजतो, तेव्हा ताटी बदलावी लागेलच. वेल छाटून खाली घ्यायची, भिंतीला एक हात मारायचा आणि नवी ताटी उभी करायची, ही तिन्ही कामे त्याच आठवड्यात उरकून घेता येतात.