‘कसा होता पिक्चर?’

सिनेमा पाहून आलेल्या मित्राला ‘कसा होता?’ असं विचारावं आणि त्यानं दोन वाक्यांत निकाल द्यावा, हा चित्रपट समीक्षेचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जास्त चालणारा प्रकार आहे. ‘पैसे वसूल.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘पहिला हाफ जबरी, इंटरव्हलनंतर ढेपाळला.’ ‘डोकं बाजूला ठेवून बघ.’ ‘थिएटरला नको, ओटीटीवर आला की बघू.’ वरवर पाहता हे उडते शेरे आहेत, पण प्रत्येकात एक हिशेब असतो. तिकिटाचा खर्च, तीन तासांचा वेळ आणि सोबत कोण येणार, या तिन्ही गोष्टी बोलणाऱ्यानं आधीच धरलेल्या असतात. ‘घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का?’ हा तर वेगळाच प्रश्न आहे. वृत्तपत्रातल्या तारका त्याचं उत्तर देत नाहीत, मित्र देतो.

पनवेलमध्ये या गप्पांच्या जागा ठरलेल्या आहेत. संध्याकाळी वडाळे तलावाचा काठ, नवीन पनवेलमधल्या महाविद्यालयांचे कट्टे, आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाटकाच्या मध्यंतरात बाहेर आलेली मंडळी, ओरायन मॉलमधून रात्रीचा शो सुटल्यावर पार्किंगमध्ये रेंगाळणारी टोळकी. खरी बैठक मात्र लोकलमध्ये भरते. १९९८ मध्ये हार्बर मार्गावरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि सीएसएमटीपर्यंतचा सुमारे ८० मिनिटांचा प्रवास हजारो नोकरदारांच्या दिनक्रमाचा भाग झाला. पनवेल हे या मार्गाचं टोक असल्यानं गाडी इथूनच सुटते, बसायला जागा मिळते आणि ठरलेल्या डब्यात ठरलेला ग्रुप जमतो. सोमवारी सकाळी, शनिवार-रविवारी पिक्चर पाहून आलेल्याकडे बोलण्याचा पहिला मान जातो. खांदेश्वर, मानसरोवरला चढणाऱ्यांना झालेली चर्चा थोडक्यात पुन्हा ऐकवली जाते आणि त्यातच मूळ मत बदलतं. ‘बकवास’ म्हणून सुरू झालेलं बोलणं खारघर येईपर्यंत ‘गाणी सोडली तर ठीक आहे’ इथपर्यंत येतं, कारण मध्ये एखाद्यानं हिरोइनच्या कामाची बाजू घेतलेली असते. छापलेल्या परीक्षणाला असं जागच्या जागी दुरुस्त होता येत नाही.

दूरदर्शन येण्याआधीच्या काळात ही देवाणघेवाण लांबलचक असे. ज्यानं पिक्चर पाहिला, त्यानं न पाहिलेल्यांना पूर्ण ‘स्टोरी’ सांगायची, मारामारीच्या आवाजांसकट, गाणी गुणगुणत आणि खलनायकाची नक्कल करत. घरून परवानगी नसलेल्या किंवा तिकिटाला पैसे नसलेल्या मुलांनी कित्येक सिनेमे असे कानांनीच पाहिले. सांगणारा चांगला असेल, तर सामान्य चित्रपटही रंगून जाई. मत वेगळं दिलं जात नसे. कुठला प्रसंग रंगवून सांगितला आणि कुठला एका वाक्यात उरकला, यातच ते कळे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी शेजारीपाजारी मिळून पाहू लागले. सगळ्यांनी एकच चित्रपट एकाच वेळी पाहिलेला असल्यानं स्टोरी सांगण्याची गरज उरली नाही. गप्पा थेट आवडनिवडीवर आल्या.

या बोलण्यात किती ताकद असते, याचं ठळक उदाहरण ‘शोले’चं. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाक मुरडलं आणि धंद्यातल्या जाणकारांनी तो पडल्याचं जाहीर करून टाकलं. जयचा मृत्यू टाळून शेवट नव्यानं चित्रित करावा का, इथपर्यंत खल झाला. प्रेक्षक टाळ्या-शिट्ट्या वाजवत नव्हते आणि त्या शांततेचा अर्थ लागत नव्हता. वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकानं तो लावला. मध्यंतरात आइस्क्रीम आणि शीतपेयांची विक्री घटली आहे, कारण लोक सुन्न होऊन खुर्चीतून उठतच नाहीत, असं त्यानं दिग्दर्शक रमेश सिप्पींना सांगितलं. पुढचं काम बाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी केलं. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला आणि त्याच्या संवादांची ध्वनिमुद्रिकाही घरोघरी वाजली. त्याच वर्षी आलेला, मोठ्या ताऱ्यांविना काढलेला ‘जय संतोषी माँ’ बायकांनी बायकांना सांगून चालवला.

सिनेमाच्या धंद्यात याला ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. एन्रिको मोरेट्टी या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या तिकीटविक्रीचा अभ्यास करून २०११ मध्ये तिचं गणित मांडलं. अपेक्षेपेक्षा चांगली सुरुवात झालेल्या चित्रपटाची विक्री पुढच्या आठवड्यांत हळू घसरते, अपेक्षाभंग करणाऱ्याची झपाट्यानं, आणि ज्यांचं मित्रमंडळ मोठं असतं अशा प्रेक्षकवर्गात हा फरक अधिक दिसतो. जाहिरात पहिल्या तीन दिवसांचं गिऱ्हाईक आणते. त्यानंतरचा प्रेक्षक ओळखीच्या माणसानं पाठवलेला असतो.

ओळखीच्याच माणसाचं का ऐकलं जातं? एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांच्या १९५५ च्या प्रसिद्ध अभ्यासात याचं एक उत्तर आहे. अमेरिकेतल्या डेकेटर या शहरातल्या सुमारे ८०० स्त्रियांना त्यांनी बाजारहाट, फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि सिनेमा या चार बाबतींत कोणाचा सल्ला घेता, असं विचारलं होतं. सिनेमाच्या बाबतीत शब्द चालत होता तो तरुण, अविवाहित मुलींचा; शिक्षण किंवा प्रतिष्ठेला तिथे फारसं महत्त्व नव्हतं. पनवेलमधल्या कुठल्याही ग्रुपमध्येही एखाद-दुसराच ‘पिक्चरवाला’ असतो आणि तो वयानं किंवा हुद्द्यानं मोठा असतोच असं नाही. त्याची आवड सगळ्यांना पाठ असते, म्हणून त्याचं मत उपयोगी पडतं. ज्याला प्रत्येक हाणामारी आवडते त्यानं ‘ठीक आहे’ म्हटलं, तर ऐकणारा तिकीट काढत नाही. ज्याला कधीच काही पटत नाही त्यानं ‘वाईट नाही’ म्हटलं, तर तो त्याच दिवशी निघतो. मताचं वजन असं बोलणाऱ्याच्या ओळखीतून ठरतं, म्हणून अनोळखी हजारांच्या सरासरीपेक्षा मित्राचा एक शेरा अचूक निघतो.

मराठी चित्रपटाला या शेऱ्यांचा आधार सर्वाधिक लागतो. मोठ्या हिंदी चित्रपटापुढे मराठीला शो कमी मिळतात, तेही अनेकदा गैरसोयीच्या वेळी. २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समधल्या मराठी खेळांच्या वेळेबाबत निर्णय घ्यावा लागला, त्यामागे हेच कारण होतं. शुक्रवारी लागलेला चित्रपट पुढच्या शुक्रवारी राहील की नाही, हे पहिल्या चार-पाच दिवसांतल्या गर्दीवर ठरतं. म्हणजे लोकांनी बोलायचं ते तेवढ्यातच. २०२३ च्या जानेवारीत परेश मोकाशींचा ‘वाळवी’ टिकला तो ‘काही विचारू नकोस, बघून ये’ अशा शिफारशींवर. त्याच वर्षी ३० जूनला आलेल्या केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’नं तर पाहणं आणि बोलणं एकत्रच आणलं. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. पण भिशीचे ग्रुप, महिला मंडळं, सोसायटीतल्या मैत्रिणी अख्ख्या रांगा भरून गेल्या, काही नऊवारी नेसून. पडद्यावरची कुठली बहीण आपल्यातली कोण, हे थिएटरातच ठरत होतं. जाणकारांना त्यात भावुकपणा जास्त वाटला असेल. या बायकांच्या बोलण्याचा विषय मात्र स्वतःचं आयुष्य हा होता, आणि त्या बोलण्याची किंमत कमी लेखणं चूक आहे.

मतभेदाचं उदाहरण म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्यावा. व्हेनिस महोत्सवात गौरवलेला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये चित्रपटगृहांत आला. ‘कॅमेरा हलतच नाही’, ‘काही घडतच नाही’ ही तक्रार सर्रास झाली. सुट्टीवर गेलेला न्यायाधीश बाकावर डुलकी घेतोय, मुलं त्याला दचकवतात आणि तो एका मुलाच्या थोबाडीत देतो, हा शेवट कशासाठी, यावर वाद रंगले. एकानं ‘अर्धवट सोडला’ म्हणावं, दुसऱ्यानं त्याच प्रसंगात सगळा चित्रपट आहे असं पटवून द्यावं, आणि पहिल्यानं तो पुन्हा पाहावा. जे परीक्षणानं होत नाही ते अशा वादानं होतं, कारण समोरचा ‘म्हणजे काय?’ असं लगेच विचारू शकतो.

गप्पांना शिस्त लावण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळानं जगभरचे चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवली. पुण्यात ‘आशय’नं तेच केलं. शिरीष कणेकरांनी उलट्या वाटेनं जाऊन गप्पांचा बाज तसाच ठेवला आणि ‘माझी फिल्लमबाजी’मधून तो रंगमंचावर नेला. मित्रांच्या अड्ड्यावर चालावं तसं सिनेमावेड्याचं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढून आले.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गप्पांचा एक नियम पूर्ण उलटला आहे. पूर्वी शेवट सांगणारा मित्र हवा असे. आता ‘स्पॉयलर देऊ नकोस’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ पाहून आलेले शेवटाबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि ते न बोलणंच अनेकांना थिएटरपर्यंत घेऊन गेलं. ओटीटीनं दुसरी अडचण आणली. प्रत्येक जण वेगळं काही, वेगळ्या दिवशी पाहतो. डब्यातल्या सहा जणांनी सहा मालिका पाहिलेल्या असतात आणि बोलणं ‘बघून घे’च्या पुढे सरकत नाही. एकत्र पाहण्याची ओढ तरीही आहे. २०१८ मध्ये बेताचाच चाललेला ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. मधल्या सहा वर्षांत घरी तो पाहिलेल्यांनी ‘मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता’ असं एकमेकांना इतक्यांदा सांगितलं होतं. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’वर मात्र आता कोणी मत देत नाही. सत्तर रुपयांचा किंवा इस्राईलच्या औषधाचा नुसता उल्लेख झाला, की पुढचा संवाद डब्यातलं कोणीही पूर्ण करतं.