मलावी काँग्रेस पार्टी : २६ वर्षांचा वनवास
ब्रिटिशांनी १९५९मध्ये न्यासालँडमधल्या (आजच्या मलावीतल्या) आफ्रिकन काँग्रेसवर बंदी घातली. त्याच वर्षी वकील ऑर्टन चिरवा यांनी मलावी काँग्रेस पार्टी काढली आणि १९६०मध्ये स्वातंत्र्य चळवळीचे नेते डॉ. हेस्टिंग्ज बांडा तुरुंगातून सुटताच अध्यक्षपद त्यांच्या हवाली केलं. या उदारपणाची परतफेड भयंकर होती. बांडांच्या राजवटीत चिरवांना देशद्रोहाबद्दल फाशी सुनावली गेली. ती पुढे जन्मठेपेवर आली, पण १९९२मध्ये झोंबाच्या तुरुंगातच ते वारले.

१९६४मध्ये स्वातंत्र्य, १९६६पासून एकपक्षीय राजवट आणि १९७१मध्ये बांडा तहहयात राष्ट्राध्यक्ष. पक्षाचं कार्ड नसेल तर बाजारात किंवा बसमध्येही अडवलं जाई. १९९३च्या सार्वमताने ही मक्तेदारी मोडली आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत बकिली मुलुझींनी बांडांना हरवलं.

पक्षाचा सत्तेत परतीचा रस्ता कोर्टातून गेला. निकालपत्रकांवर व्हाइटनर फिरवल्याचं उघड झालं आणि २०१९ची अध्यक्षीय निवडणूकच रद्द झाली. जून २०२०च्या फेरमतदानात नऊ पक्षांच्या आघाडीचे उमेदवार आणि या पक्षाचे नेते, पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक लाझारस चकवेरा जिंकले. महागाई आणि इंधनटंचाईने मात्र लोक विटले. सप्टेंबर २०२५मध्ये पीटर मुथारिकांनी, म्हणजे २०२०मध्ये हरलेल्यांनीच, चकवेरांना घरी बसवलं.