एंजिनातील वंगण तेलाचे अतिभरण

मोटारगाडीच्या एंजिनातील वंगण तेलाची पातळी निर्मात्याने ठरवून दिलेल्या कमाल खुणेच्या वर जाणे, यास अतिभरण म्हणतात. तेल कमी पडल्यास एंजिन निकामी होते हे सर्वश्रुत असल्यामुळे थोडे अधिक तेल असलेले बरे, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. प्रमाणाबाहेर वाढलेल्या तेलाला वंगणाचे कामच नीट करता येत नाही.

बहुतेक मोटारगाड्यांत तेल एंजिनाच्या तळाच्या पात्रात, म्हणजे संपमध्ये, साठविलेले असते. तेथून पंप ते ओढून घेतो व गाळणीतून धारव्यांना, दट्ट्यांना आणि झडपांच्या यंत्रणेला पुरवितो. नंतर ते आपोआप खाली परत येते [⟶ वंगणक्रिया]. संपच्या लगेच वर भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरत असतो. भुजादंड व त्यावरील प्रतिभार तेलाच्या पृष्ठभागाला लागणार नाहीत, अशा बेताने कमाल पातळी ठरविलेली असते.

परिणाम : दट्ट्याची धाव ८० मिमी. असलेल्या एंजिनात भुजेची त्रिज्या ४० मिमी. असते. मिनिटास ३,००० फेरे होत असताना भुजेच्या टोकाचा वेग सेकंदास सु. १२·५ मी., म्हणजे ताशी सु. ४५ किमी. होतो. पातळी वाढून हे भाग तेलात बुडू लागले, की रवीने ताक घुसळावे तसे तेल घुसळले जाऊन त्यात हवा मिसळते. तेलात फेसविरोधी पदार्थ घातलेले असतात, पण सततच्या घुसळणीपुढे ते अपुरे पडतात. तेल जवळजवळ असंपीड्य असते, फेस मात्र दाबला जातो. त्यामुळे पंपाकडून हवामिश्रित तेल जाऊ लागल्यावर दाब अस्थिर होतो, धारव्यांतील तेलाचा पातळ थर तुटण्याचा संभव असतो आणि द्रवचालित टॅपेट असलेल्या एंजिनात टकटक आवाज येऊ लागतो. तेल अधिक असूनही तेलाच्या दाबाचा इशारादीप लागतो, तो यामुळेच. घुसळण्यात शक्ती वाया जाऊन तेल तापते, ते वेगळेच.

क्रँककेसमधील वायू बाहेर काढणाऱ्या नळीवाटे तेलाचे तुषार हवेच्या मार्गात जातात आणि सिलिंडरात जळतात. निळसर धूर निघतो, ठिणगी-गुडद्यांवर काजळी धरते व तेलातील फॉस्फरसामुळे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची कार्यक्षमता कायमची घटते. डीझेल एंजिनात याहून मोठा धोका असतो. तेथे हे तेलच इंधनाचे काम करू लागते आणि किल्ली फिरवून इंधनपुरवठा तोडला, तरी एंजिन न थांबता अनियंत्रितपणे वेग घेऊ शकते. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करणे, किंवा हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून एंजिन बंद पाडणे, हेच उपाय उरतात. हवेच्या मार्गावर हात ठेवणे मात्र घातक होय.

जुन्या काही एंजिनांत तेल मुद्दामच उडविले जाई. फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीत तेलाचा पंप नव्हता व मापनपट्टीही नव्हती. क्रँककेसच्या खालच्या भागाला वर-खाली दोन तोट्या असत आणि पातळी त्यांच्या दरम्यान ठेवावी लागे. वरची तोटी उघडली की जादा तेल वाहून जाई. ही सोय पुढील गाड्यांत राहिली नाही.

कारणे : गाडी उतारावर उभी असताना किंवा एंजिन नुकतेच बंद केलेले असताना पातळी पाहिली, तर ती कमी दिसते व तेल घातले जाते. जुने तेल पूर्णपणे न निथळता पुस्तिकेतील पूर्ण आकड्याइतके नवे तेल ओतणे, किंवा गाळणी न बदलता गाळणीसह दिलेले परिमाण वापरणे, ही कार्यशाळांतील नेहमीची चूक आहे.

कोणीही तेल न घालता पातळी वाढली असेल, तर मात्र तो रोग निराळा. तेल दुधाळ झाले असल्यास शीतक द्रव्य गळून त्यात मिसळल्याचा संशय घ्यावा. पेट्रोलचा वास येत असल्यास इंधन उतरत आहे असे समजावे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार बनलेल्या डीझेल मोटारींत काजळीची गाळणी असते. ती जाळून स्वच्छ करण्यासाठी अनेक एंजिनांत जादा इंधन सोडले जाते. गाडी केवळ थोड्या अंतरासाठी वापरल्यास ही क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि त्यातील काही डीझेल संपमध्ये झिरपते. या सर्व प्रकारांत केवळ जादा तेल काढून भागत नाही. तेल पातळ किंवा दूषित झालेले असल्याने ते बदलावे व मूळ दोष शोधावा.

उपाय : प्रथम मोजमाप पुन्हा करावे. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यावर ५ ते १० मिनिटांनी मापनपट्टी पुसावी, पूर्ण आत घालावी व बाहेर काढून वाचावी. काही निर्माते थंड एंजिनावर मोजण्यास सांगतात. पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी. खुणेच्या वर एक-दोन मिलिमीटर तेल असल्यास सहसा काळजीचे कारण नसते. किमान व कमाल खुणांमधील अंतर अनेक छोट्या गाड्यांत सु. १ लिटर तेलाचे असते; त्याच्या निम्मे तेल कमाल खुणेच्या वर असल्यास ते काढल्याशिवाय एंजिन सुरू करू नये.

मापनपट्टीच्या नळीतून बारीक लवचिक नळी सोडून पिचकारीने किंवा हातपंपाने तेल ओढणे ही सर्वांत सोयीची रीत आहे. एका वेळी १०० ते २०० मिलि. काढून पुन्हा मोजावे. संपचा आकार सर्वत्र सारखा नसल्याने हिशेबाने एकदम काढू गेल्यास पातळी किमान खुणेखाली जाण्याची भीती असते. तळाचा बोल्ट सैल करून थोडेसेच तेल सोडणे अनुभवी कारागिरालाही अवघड जाते. धार एकदम सुटते आणि तेल गरम असल्यास हात भाजतो. शिवाय बोल्टखालील वॉशर बदलावा लागतो. नळी आत जात नसेल, तर सर्व तेल काढून मोजून पुन्हा भरणे बरे. काढलेले तेल नवे व स्वच्छ असल्यास झाकण असलेल्या भांड्यात ठेवून पुढे वापरता येते. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक अपशिष्टांत मोडते. ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता पुनःप्रक्रियेसाठी जमा करावे लागते.