१०८ वेळेत आली, पण पेशंट वाचला का?

महाराष्ट्रात १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोचावी, असं उद्दिष्ट आहे. पण सेवा चांगली आहे का, हे नुसत्या मिनिटांवरून कळतं का?

सरासरी काय लपवते?

समजा, मुरूड तालुक्यातून १० कॉल गेले. ८ ठिकाणी गाडी १० मिनिटांत पोचली, २ ठिकाणी ७० मिनिटांनी. सरासरी निघते २२ मिनिटं. रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार! ॲपचा वेग तपासताना आम्ही इंजिनिअर म्हणूनच सरासरीवर थांबत नाही, ‘पी-९०’ बघतो. म्हणजे दहापैकी नऊ जणांचं काम व्हायला किती वेळ लागला? इथे उत्तर येतं ७० मिनिटं. उशीर बहुतेक डोंगरातल्या वाड्यांच्याच वाट्याला येतो. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळियेला दरड कोसळली, तेव्हा तिथवर जायचे रस्तेच बंद झाले होते.

दोन कॉम्प्युटर, एक पेशंट

कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, हे १०८ च्या सिस्टीममध्ये असतं. हॉस्पिटलच्या दारात नवा केसपेपर निघतो, नवा नंबर पडतो. अलिबागहून मुंबईला हलवलं की तिसरा नंबर. हे नंबर एकमेकांना जोडले नाहीत, तर त्या कॉलमधला माणूस बरा होऊन घरी गेला का, हे कोणालाच सांगता येत नाही. यावर उपाय साधा आहे: १०८ चा केस नंबर प्रत्येक केसपेपरवर लिहायचा.

१९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन इथे वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर याच कामासाठी जमले. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या पेशंटची नोंद सगळीकडे एकसारखी कशी ठेवायची, हे त्यांनी ठरवलं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: आजूबाजूच्या कोणी सीपीआर दिला का, आणि पेशंट जिवंत घरी गेला का.

आपल्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न फार मोठा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. श्वास थांबला की ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तिथे ३० मिनिटांचं उद्दिष्ट पाळूनही उपयोग नाही; किनाऱ्यावरच्या माणसालाच सीपीआर यायला हवा.

तुम्ही काय करू शकता?

• फोनच्या इमर्जन्सी माहितीत रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर भरा. ही माहिती लॉक न उघडता दिसेल, असं सेटिंग ठेवा.
• १०८ ला फोन केल्यावर गाव, वाडी आणि जवळचा एसटी स्टॉप किंवा देऊळ सांगा. गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर टॅप केलं की प्लस कोड दिसतो, तोही सांगून ठेवा.
• सीपीआर शिका.
• माहिती अधिकारात अर्ज केलात, तर ‘गाडी सरासरी किती मिनिटांत येते’ एवढंच विचारू नका. ‘आमच्या तालुक्यातून नेलेल्यांपैकी किती जण जिवंत घरी परतले?’ हेही विचारा.