वाकाटकांचे इतिहासकार: महामहोपाध्याय मिराशी

ख्रिस्तपूर्व दुसरे शतक सरत असताना चीनमध्ये हान सम्राट वू याच्या दरबारी ग्रहगतींची व पंचांगाची व्यवस्था पाहणारा सिमा च्येन नावाचा एक अधिकारी होता. त्याच पदावर असलेल्या त्याच्या पित्याने मृत्युशय्येवर आपला अपुरा राहिलेला इतिहासग्रंथ मुलाच्या हाती सोपविला होता. पुढे ख्रिस्तपूर्व 99 मध्ये शत्रूला शरण गेलेल्या ली लिंग या सेनापतीची बाजू घेतल्यामुळे सम्राटाचा कोप ओढवला, तेव्हा देहदंडाऐवजी अंडच्छेदाची मानहानी त्याने पत्करली, ती केवळ हा ग्रंथ पुरा व्हावा म्हणून. वेळूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ते 130 अध्याय सिद्ध झाले आणि राजांच्या बखरींबरोबर व्यापारी, ज्योतिषी व मारेकरी यांचीही चरित्रे चीनच्या हाती आली. त्यात दिलेली शांग राजांची वंशावळ अनेकांना दंतकथा वाटे. परंतु 1899 नंतर उजेडात आलेल्या अस्थिलेखांनी तिचा बहुतेक भाग खरा ठरविला. ग्रंथ आधी होता, पुरावा मागाहून आला.

विदर्भाच्या नशिबी याच्या नेमके उलट आले. ज्यांच्या अमदानीत अजिंठ्याची सोळाव्या व सतराव्या क्रमांकांची लेणी कोरली गेली आणि ज्यांच्यापैकी दुसऱ्या प्रवरसेनाने ‘सेतुबन्ध’ हे प्राकृत महाकाव्य रचले, त्या वाकाटकांविषयी पुराणांत विंध्यशक्ती व प्रवीर यांचा त्रोटक उल्लेख सोडल्यास काहीच उरले नव्हते. त्यांचा सिमा च्येन जन्मलाच नाही. हे राजकुल उभे करावे लागले ते शेतकऱ्याच्या नांगराला लागलेल्या किंवा घरोघरी अडगळीत पडलेल्या तांब्याच्या पत्र्यांतून. आणि ज्यांनी आपल्या आयुष्यातील कित्येक दशके या कामी वेचली, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी याच विदर्भातल्या नागपुरात राहत होते.

13 मार्च 1893 रोजी कोकणात देवगडजवळील कुवळे येथे जन्मलेले मिराशी 1919 साली मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नागपुरास आले. मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची यादी करणारे रायबहादूर हिरालाल यांनी या प्रदेशात संशोधनाची वाट आधीच पाडलेली होती. मिराशींनी त्या वाटेचा राजमार्ग केला. संस्कृताचा अध्यापक असल्याचा त्यांना फार मोठा उपयोग झाला, कारण वाकाटकांची पेटीसारखे चौकोनी डोके असलेली अक्षरे ओळखणे हा कामाचा केवळ आरंभ असतो. झिजलेल्या जागी कोणते अक्षर असू शकेल हे सांगायला व्याकरण आणि छंद दोन्ही जिभेवर असावे लागतात.

ताम्रपट म्हणजे त्या काळची इनामाची सनद. तीन-चार पत्रे भोकातून कडीत ओवलेले, कडीला राजमुद्रा लावलेली, आणि मजकुरात राजाची वंशावळ, दिलेल्या गावाच्या चतुःसीमा व प्रतिग्रह घेणाऱ्यांची नावे. अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेल्या पटात दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या अठराव्या राज्यवर्षी एक हजार ब्राह्मणांना चर्मांक नावाचे गाव दिल्याचे नमूद आहे. आणि त्यातली अट मला फार अर्थपूर्ण वाटते, ती अशी की इनामदारांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी वा व्यभिचार करू नये, तसे केल्यास जमीन काढून घेतली जाईल. धर्मकृत्याच्या सनदेतही सरकारचा दप्तरी सावधपणा शाबूत आहे!

अडचण एवढीच की हे राजे आपल्या ताम्रपटांत शक किंवा गुप्त संवत न वापरता केवळ स्वतःचे राज्यवर्ष लिहीत. अठरावे वर्ष खरे, पण ते कोणत्या शतकातले? हा पेच सोडविण्यास एका राणीची साक्ष मोलाची ठरली. पुण्यात एका तांबट घराण्याकडे असलेले पत्रे वाचले गेले तेव्हा ते प्रभावतीगुप्तेचे निघाले, आणि ती आपल्याला सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या म्हणवीत होती. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारल्यावर नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकनजीकच्या नगरधनहून, अज्ञान पुत्राच्या नावे तिने राज्य चालविले. तिच्या पित्याचा काळ निश्चित असल्यामुळे वाकाटकांच्या कालगणनेला प्रथमच एक भक्कम आधार मिळाला.

दुसरा साक्षात्कार 1939 साली वाशीमच्या ताम्रपटाने घडविला. त्यातून पहिल्या प्रवरसेनाचा सर्वसेन नावाचा पुत्र आणि वत्सगुल्म येथे, म्हणजे वाशीमलाच, नांदलेली एक संपूर्ण स्वतंत्र शाखा प्रकट झाली. तो धागा हाती येताच मिराशी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील, वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविलेल्या लेखाकडे वळले. तेथील विच्छिन्न अक्षरांत पूर्वसूरींनी दुसरीच नावे वाचली होती. मिराशींनी तेथे सर्वसेनाचे नाव वाचून दाखविले आणि वंशावळीची विसंगती नाहीशी झाली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचा अर्क या एका वाचनात आहे.

या साऱ्या परिश्रमांचे फळ ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या मराठी ग्रंथात व भारतीय पुरातत्त्व खात्याने 1963 साली काढलेल्या, कोरीव लेखांच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात आहे. त्याआधी 1955 साली कलचुरींचा चौथा खंड त्यांनीच सिद्ध केला होता, आणि शिलाहारांचा सहावा खंड 1977 साली प्रसिद्ध झाला तेव्हा ते चौऱ्यायशी वर्षांचे होते. 1975 साली पद्मभूषण लाभलेल्या या पंडिताचे 1985 साली निधन झाले.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असे नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचे पवनार, हे त्यांचे मत मनसरच्या उत्खननानंतर अनेक विद्वानांना मान्य नाही. मलाही मनसरचा पक्ष अधिक बळकट वाटतो. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शके 380 चा लेख पुढे आला आणि वत्सगुल्म शाखेच्या देवसेनाचा काळ निःसंदिग्ध झाला. अलीकडे नगरधनच्या उत्खननात खुद्द प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली आहे. हा नवा पुरावा कोणत्या राजाच्या, कोणत्या पिढीच्या खाती मांडायचा, याचा विचार करताना आजही प्रथम पाचवा खंडच उघडावा लागतो.