दिवाळी ट्रिपचे पैसे माळ्यावर आहेत, पण ते घ्यायचे कसे? (एपिसोडचा लिखित भाग)

दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जायचंय, पगारातून फारसं उरत नाही, आणि घरात न वापरलेल्या वस्तू धूळ खात पडल्यात. त्या ऑनलाइन विकून ट्रिपचे पैसे निघतात का? निघतात. पण वस्तू विकायला आठ दिवस लागतात आणि पैसे घेताना फसायला तीस सेकंद, म्हणून एपिसोडचा निम्मा वेळ मी त्या तीस सेकंदांना दिलाय. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय.

आधी कॅलेंडर बघू. आपल्याकडे माळा रिकामा होतो दसऱ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत. पैसे मात्र त्याच्या बरेच आधी लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीपासून ६० दिवस मागे मोजा, तुम्ही साधारण गणपतीच्या आसपास येता. दिवाळीत कोकणात किंवा गोव्याला ट्रेनने जायचं असेल तर तिकिटाचे पैसे तेव्हाच हातात हवेत. दुसरं असं की नवरात्राच्या सुमारास मोठे ऑनलाइन सेल लागतात. नवीन फोन, नवीन टीव्ही स्वस्त होतो, लोक जुने काढायला लागतात, आणि तुमच्या जुन्याचा भाव पडतो. म्हणजे माळा श्रावणातच काढायचा. आईला आश्चर्य वाटेल, वाटू दे!

आता विकायचं काय? मागणी असते ती रूम घेऊन राहणाऱ्या पोरापोरींकडून. स्टडी टेबल, खुर्ची, मॉनिटर, इंडक्शन शेगडी, मिक्सर, सायकल, डंबेल्स, आणि लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेली ती गिटार. घरोघरी लग्नात आलेला, खोक्यातून कधीच बाहेर न पडलेला लेमन सेट असतो, तोही जातो, फक्त फार पैसे देत नाही. इंजिनिअरिंगची पुस्तकं एकेक करून टाकण्यात अर्थ नाही. सेमिस्टरचा गठ्ठा करून ज्युनिअर्सच्या ग्रुपवर टाका. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारी दुकानं आहेतच. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालण्याआधी एकदा फोटो टाकून बघा, कारण मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात आणि आजीचा घंगाळ हल्ली कोणीतरी हॉलमध्ये शोभेला ठेवायला शोधत असतो. अर्थात, आजीला विचारून!

किंमत लावताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "आम्ही साडेआठ हजाराला घेतलं होतं" याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नाही. तो तीच वस्तू आज नवीन केवढ्याला मिळते ते मोबाइलवर बघून आलेला असतो. माझा साधा हिशोब: आजच्या नव्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात. बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर थोडं वर, ओरखडे असतील तर खाली. वर घासाघिशीसाठी दहा टक्के ठेवायचे. टेबल-कपाटासारख्या जड वस्तूचा टेम्पो कोण करणार हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर सगळं ठरल्यावर भाड्यावरून बोलणं फिसकटतं.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढा. ओरखड्याचा फोटो मुद्दाम टाका. माणूस घरी आल्यावर तो दिसला की पाचशे रुपये कमी होतात, आधीच दिसला तर होत नाहीत. बिलाचा फोटो टाकताना नाव, पत्ता, नंबर झाका. आणि शक्यतो अ‍ॅपमधल्या चॅटवरच बोला. फोन नंबर पहिल्याच मेसेजला देऊ नका, मुलींनी तर नाहीच.

आता मुख्य मुद्दा. जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत एक फोन येतो. समोरचा म्हणतो, मी सैन्यात आहे, बदली झालीय, सामान न्यायला माणूस पाठवतो, पैसे आत्ता ऑनलाइन करतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. वस्तू बघायची नाही, भाव करायचा नाही. अहो, तीन हजारांचं टेबल एका रुपयाची घासाघीस न करता घेणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? सैनिकांच्या नावाने चालणारी ही फसवणूक देशभर इतकी झालीय की पोलिसांनी वारंवार इशारे दिलेत. पुढे तो आधी पाच रुपये पाठवतो, ते खरंच येतात, आणि तुमचा विश्वास बसतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड येतो: "हा स्कॅन करा, पिन टाका, तीन हजार जमा होतील."

इथे यूपीआय आतून कसं चालतं हे एकदा समजून घेतलं की पुन्हा फसायला होत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यात पैसे हलतात ते नेहमी देणाऱ्याच्या परवानगीने. पिन म्हणजे त्या परवानगीवरची सही. जसं चेकवर सही देणारा करतो, घेणारा तो चेक फक्त खात्यात भरतो, तसंच. घेणाऱ्याकडून सिस्टिमला एकच गोष्ट हवी असते, पैसे कुठे टाकायचे त्याचा पत्ता, म्हणजे तुमचा यूपीआय आयडी किंवा नंबर. पिन, ओटीपी, स्कॅन, काहीच लागत नाही. तुम्ही झोपलेले असलात तरी पैसे येतात.

मग तो क्यूआर काय असतो? त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत जादू नाही, फक्त एक ओळ लिहिलेली असते. सुरुवातीला "यूपीआय", मग "पे", मग पैसे घेणाऱ्याचा आयडी, नाव, आणि कधी कधी आधीच भरलेली रक्कम. "पे" म्हणजे द्या. चौकटीच्या वर "रिसीव्ह मनी" असं छापलं तरी ते नुसतं चित्र, आतली ओळ बदलत नाही. म्हणून स्कॅन करतो तो देतो. तुम्ही विकताय, तर क्यूआर तुमचा आणि स्कॅन त्याने करायचा. हे उलटं झालं की व्यवहार तिथेच थांबवा.

याआधी आणखी एक वाट होती, कलेक्ट रिक्वेस्ट. कोणीही तुम्हाला "इतके पैसे द्या" अशी मागणी पाठवायचा आणि लोक ती "पैसे आले" समजून मान्य करायचे. एनपीसीआयने माणसाकडून माणसाला जाणारी ही मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. चांगलं झालं. पण क्यूआरची युक्ती चालूच आहे, त्यामुळे धोका संपला असं समजू नका.

दुसरा प्रकार थोडा हुशार आहे. तुम्हाला बँकेसारखा एसएमएस येतो, "₹३०,००० जमा". लगेच फोन: "दादा, चुकून एक शून्य जास्त पडलं, सत्तावीस हजार परत करा ना, हॉस्पिटलमध्ये आहे." पैसे आलेलेच नसतात. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून नाही. पण मेसेज बघूच नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स बघा. स्क्रीनशॉटचंही तेच, तो दोन मिनिटांत बनवता येतो. बॅलन्स वाढलेला दिसेपर्यंत वस्तू दाराबाहेर जाऊ देऊ नका, समोरचा कितीही घाईत असला तरी. आणि "मदत करतो" म्हणून कोणी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप किंवा एपीके फाइल पाठवली तर फोन सरळ ठेवून द्या.

घरात कोणाचे पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. चोर पैसे पटापट एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतो. ते कुठल्या तरी खात्यात पडून असेपर्यंतच अडवता येतात, म्हणून "उद्या पोलीस स्टेशनला जाऊ" हे चालत नाही. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते. घरच्यांवर, विशेषतः बाबांवर, ओरडत बसायचं नंतर.

फोन विकताना थोडी वेगळी काळजी. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही, फॅक्टरी रीसेट करा. आताच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टेड असतो, रीसेट केल्यावर त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे तो परत काढणं जवळपास अशक्य होतं. पण क्रम महत्त्वाचा: बॅकअप, मग गूगल अकाउंट काढणं (आयफोन असेल तर फाइंड माय बंद करणं), मग रीसेट. अकाउंट न काढता रीसेट केलं तर फोन चालू होताना तुमचाच पासवर्ड मागतो आणि घेणारा रात्री अकरा वाजता फोन करतो. यूपीआय अ‍ॅप्स नव्या फोनवर सुरू झाली का तेही आधी बघा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला लोक हमखास विसरतात. घेणाऱ्याला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय दाखवा. संचार साथीवर तो नंबर तपासला की फोन चोरीचा नाही हे त्याला कळतं, आणि भावासाठी तुमची बाजू भक्कम होते.

काही वस्तू मात्र या बाजारात आणूच नका. गॅस सिलिंडर तुमच्या मालकीचा नसतो, कंपनीचा असतो. कनेक्शन नको असेल तर एजन्सीत परत करा, डिपॉझिट मिळतं. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी डीलरला द्या, नवीन घेताना तिचे पैसे वजा होतात. टॅक्सचा प्रश्न हमखास येतो म्हणून सांगतो: घरचा सोफा, फ्रिज, कपडे या वैयक्तिक वापराच्या वस्तू, त्या विकल्यावर कॅपिटल गेन लागत नाही. दागिने त्यात धरत नाहीत, ते विकले तर हिशोब वेगळा.

तुमच्या माळ्यावर काय निघालं आणि केवढ्याला गेलं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. लेमन सेटचे फोटो नकोत, आमच्याकडे आधीच दोन आहेत.